यादीतलं शेवटचं नाव

दिवाळीत भाचा घरी आला होता. पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय अर्थातच कॉम्प्युटर. माळा आवरायला त्याला वर चढवला, तर फराळाच्या जुन्या डब्यात ठेवलेल्या माझ्या सीडी घेऊनच खाली उतरला. आवरणं राहिलं बाजूला. मित्राकडून सीडी ड्राइव्ह आणला, लॅपटॉपला जोडला आणि २००४ साली मी लिहिलेल्या एका वेब पानाचा कोड उघडून बसला. दोन मिनिटांनी हसायला लागला.

"मामा, फॉर लूप? आय बरोबर शून्य, आय लेन्थपेक्षा लहान, आय प्लस प्लस... एवढं कोण लिहितं? सरळ फॉरइच वापरायचं ना!"

म्हटलं, "बाळा, फॉरइच तेव्हा नव्हतं."

"नव्हतं म्हणजे?"

पूर्वी आमच्या गावात नळ नव्हते असं आजी सांगायची, तेव्हा माझा चेहरा असाच होत असणार.

तर ही पोस्ट त्याच्यासाठी. त्याच्या एका ओळीमागे बराच इतिहास आहे, तो कुणीतरी मराठीत सांगायला हवा. शिवाय सीडीवरच्या त्या पानाची एक गोष्ट आहे. ती मी वीस वर्षं कुणाला सांगितलेली नाही. आज तीही सांगून टाकतो.

कॉम्प्युटरशी संबंध नसलेल्या मंडळींनी (ताई, तू विशेषतः) पान बंद करू नये. पंगत वाढता येत असेल तर यातलं सगळं समजतं.

समजा पंगत बसली आहे, वीस पानं मांडली आहेत. कॉम्प्युटरच्या भाषेत हा झाला अ‍ॅरे, म्हणजे ओळीने मांडलेल्या वस्तू. आता प्रत्येकाला तूप वाढायचं आहे. एक पद्धत अशी की मी स्वतः तुपाची वाटी घेऊन निघायचं आणि मनात मोजत जायचं: पान पहिलं, वाढलं, पान दुसरं, वाढलं, वीस झाली की थांबायचं. हा फॉर लूप. कॉम्प्युटर एकाऐवजी शून्यापासून मोजतो, त्यामुळे माणसाचा एकाने हिशेब चुकतो आणि शेवटचा पाहुणा कोरडाच वरण-भात खातो. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात जुनी चूक.

दुसरी पद्धत म्हणजे वाढप्याला हाक मारून सांगायचं, "हे तूप घे आणि प्रत्येकाला वाढ." मोजायचं त्याने, चालायचं त्याने. माझं काम एवढंच, की एका पानावर काय करायचं ते नीट सांगायचं. हा वाढपी म्हणजे फॉरइच आणि त्याच्या हाती दिलेलं काम म्हणजे कॉलबॅक. कॉलबॅक म्हणजे आपण लिहून दुसऱ्याच्या हाती सोपवलेलं फंक्शन. ते कधी आणि कितीदा चालवायचं हे तो दुसरा ठरवतो.

ही कल्पना किती जुनी आहे हे पाहिलं तर गंमत वाटते. फंक्शनला दुसरं फंक्शनच द्यायचं हा विचार अलोंझो चर्चने १९३० च्या दशकात प्रिन्स्टनला कागदावर मांडला, तेव्हा आजच्यासारखे कॉम्प्युटरच नव्हते. पुढे एमआयटीत जॉन मॅकार्थीने १९५८ मध्ये लिस्प भाषेचं काम सुरू केलं. १९६० मध्ये त्यावरचा त्याचा प्रसिद्ध लेख छापून आला, त्यात मॅपलिस्ट नावाचं फंक्शन आहे. त्याला एक यादी द्या आणि एक फंक्शन द्या, ते यादीवरून चालत जाईल आणि नवी यादी हातात देईल. भाच्याच्या मॅपचा हा आजोबाच म्हणायचा. १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत ॲलन के, डॅन इंगल्स आणि मंडळींनी स्मॉलटॉक भाषा केली. खिडक्या, मेनू, माऊसने उघडझाप हे ज्या ठिकाणी आकाराला आलं तीच ही जागा. आणि स्मॉलटॉकमध्ये यादीलाच सांगायची सोय होती: 'डू' म्हटलं की प्रत्येकावर हे कर, 'कलेक्ट' म्हटलं की प्रत्येकाचं काहीतरी करून गोळा कर, 'सिलेक्ट' म्हटलं की हवे तेवढे निवड.

मग आमच्या पिढीला हे का माहीत नव्हतं? कारण आम्ही आलो दुसऱ्या घराण्यातून. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिचीने १९७२ च्या सुमारास सी भाषा केली. ती इतकी पसरली की मोजत जाणारा तीन तुकड्यांचा फॉर लूप जगभरच्या विद्यार्थ्यांच्या बोटांत बसला. मी सी शिकलो ते विद्यापीठाच्या आवारातल्या सीईडीटीआयमध्ये (आता तिचं नाव नायलिट). तिथे क्यूसॉर्ट नावाचं एक फंक्शन भेटलं. त्याला यादी द्यायची आणि दोन वस्तूंतली मोठी कोणती हे सांगणारं आपलं फंक्शनही द्यायचं. माझ्या आयुष्यातला तो पहिला कॉलबॅक. त्याला कॉलबॅक म्हणतात हे मात्र मला चार वर्षांनी कळलं. परीक्षेत पाठ करून लिहिलं होतं, मार्कही पडले होते. :)

ब्राउझरमध्ये चालणारी भाषा १९९५ च्या मे महिन्यात ब्रेंडन आइकने नेटस्केपमध्ये दहा दिवसांत उभी केली. त्याला कामावर घेताना सांगितलं होतं की ब्राउझरमध्ये स्कीम भाषा बसवायची आहे. स्कीम म्हणजे लिस्पचीच लेक. पण त्याच वेळी सनच्या जावाशी नेटस्केपची हातमिळवणी झाली आणि वरून हुकूम आला की भाषा जावासारखी दिसली पाहिजे. म्हणून अंगरखा सी-जावाचा आणि आतला जीव स्कीमचा, अशी ही भाषा जन्माला आली. आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट आणि डिसेंबर १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट.

म्हणजे फंक्शन उचलून दुसऱ्याच्या हाती द्यायची सोय पहिल्या दिवसापासून होती. बटण दाबलं की काय करायचं, थोड्या वेळाने काय करायचं, ही कामं कॉलबॅकनेच व्हायची. फक्त यादीला वाढपी दिला नव्हता. पंगत मोठी, तूप तयार, आणि वाढायला एकटे आपण.

आता त्या पानाची गोष्ट.

२००४ च्या पावसाळ्यात मी औरंगपुऱ्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये सी शिकवायचो आणि वर खर्चासाठी लोकांच्या वेबसाइट करून द्यायचो. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. (छत्रपती संभाजीनगर हे अधिकृत झालं २०२३ मध्ये. या पोस्टमध्ये जुन्या गोष्टी सांगताना जुनं नाव आलं तर सांभाळून घ्या.) जावास्क्रिप्ट शिकवणारं कुणी नव्हतं. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजायचे, एखादी चांगली साइट उघडायची, 'व्ह्यू सोर्स' करायचं आणि सगळं फ्लॉपीत उचलून घरी आणून वाचायचं. सगळीकडे इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती.

काही तरुण मंडळींचा रक्तदात्यांचा एक गट होता. त्यांच्याकडे दात्यांच्या नावांची छापील पुस्तिका होती: नाव, रक्तगट, पत्ता, फोन. ती इंटरनेटवर टाकून देशील का म्हणाले. पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता. मी एक पान केलं. इंग्रजी अक्षरक्रमाने नावं, पुढे रक्तगट आणि त्यापुढे एक छोटं बटण, दाबलं की फोन नंबर दिसणार. (लोकांचे नंबर असे उघड्यावर टाकणं आज मी मुळीच करणार नाही. तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही.) बटणाची हौस माझीच. नुसती यादी टाकली असती तर पुढचं काही घडलं नसतं.

मी फॉर लूप लिहिला. प्रत्येक फेरीत यादीतला एक दाता 'डोनर' नावाच्या व्हेरिएबलमध्ये घ्यायचा, त्याचं बटण तयार करायचं आणि बटणाला सांगायचं, तुला कुणी दाबलं की डोनरचा फोन दाखव. पान उघडून पाहिलं. बटण दाबलं, नंबर आला, बरोबर आला. खूश होऊन टाकून दिलं.

तपासताना मी यादीत एकच नाव घातलं होतं. एका नावाच्या यादीत पहिलं तेच शेवटचं असतं.

खऱ्या यादीत झालं असं: लूप क्षणात फिरून संपतो. माणूस बटण दाबतो ते नंतर, कधी दहा सेकंदांनी, कधी दहा मिनिटांनी. तेव्हा बटण विचारतं, डोनर कोण? आणि डोनर नावाचा डबा सगळ्या बटणांत मिळून एकच आहे. लूपने प्रत्येक फेरीत त्यातलं जुनं काढून नवं ठेवलं. संपताना आत राहिलं ते यादीतलं शेवटचं नाव. म्हणजे कुणाचंही बटण दाबा, नंबर शेवटच्या माणसाचाच.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. इंग्रजीत ते झेडने सुरू होतं एवढं पुरे.

बारा दिवसांनी गटातला एक कार्यकर्ता क्लासवर आला. म्हणाला, "अरे, ते पान बघ जरा. सगळे फोन एकाच माणसाला जातायत." मी तिथेच उघडून पाहिलं. पहिलं बटण, पाचवं, चाळिसावं. तोच नंबर. हातपाय गार पडणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. ती यादी काही सिनेमाच्या तिकिटांची नव्हती.

पान तिथल्या तिथे काढून टाकलं आणि संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. जाफर गेटच्या बाजूला एका बोळात घर. माणूस पन्नाशीचा, हिमरूचा विणकर. मागावरच बसले होते. मी माफी मागायला तोंड उघडलं तर आधी चहा मागवला.

त्यांच्याकडे छापील पुस्तिका होती, गटाने सगळ्याच दात्यांना एकेक दिली होती. पहिला फोन आला तेव्हा त्यांना वाटलं चुकून लागला असेल. दुसरा आला, तिसरा आला. मग त्यांनी पुस्तिका फोनशेजारी आणून ठेवली. फोन आला की कुठला गट पाहिजे ते विचारायचं, पुस्तिकेत शोधायचं आणि नंबर सांगायचा. अकरा दिवस. बहुतेक फोन रात्रीचे, घाटीत कुणीतरी दाखल असलेल्या नातेवाइकांचे. एकदाही त्यांनी राँग नंबर म्हणून फोन ठेवला नव्हता.

एका रात्री अडीचला फोन आला. ओ निगेटिव्ह पाहिजे. माणूस नाण्याच्या फोनवरून बोलत होता आणि त्याच्याजवळची नाणी संपत आली होती. यांनी त्याला वॉर्ड विचारला आणि सांगितलं, तू जा, मी बघतो. पुस्तिकेत ओ निगेटिव्हची चार नावं होती. पहिल्याने फोन उचलला नाही. दुसरा गावाला गेलेला. तिसरा म्हणाला, निघालो. मग हे परत झोपले.

"फिर क्या हुआ?" मी विचारलं.

"मालूम नहीं बेटा. वापस फोन नहीं आया."

मी गप्प. त्यांनाच माझी दया आली असावी. म्हणाले, गलती हुई कैसी, वो तो बताओ. आता व्हेरिएबल आणि लूप त्यांना कसा सांगणार? तरी बोटांनी हवेत दाखवत सांगितलं: एवढी बटणं, प्रत्येकाला एक नाव जोडायचं होतं, पण जोडताना नाव न जोडता नाव ठेवायचा डबा जोडला, आणि डबा एकच. ते ऐकून मागाकडे वळले आणि म्हणाले,

"मतलब सब डोरियाँ एकीच खूँटी कू बांध दिए तुम."

अगदी हेच. पुढे कितीतरी पुस्तकांत या चुकीचं वर्णन वाचलं, पण याहून नेमकं कुठे सापडलं नाही.

मग त्यांनी मला माग दाखवला. हिमरू हे आमच्या शहराचं कापड. ताणा सुती, बाणा रेशमी. 'हम-रू' म्हणजे सारखा दिसणारा, किनखाबासारखा दिसणारा, म्हणून हिमरू असं सांगतात. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली तेव्हा विणकर तिच्याबरोबर आले असंही सांगतात. जुन्या पद्धतीच्या मागावर वर दोऱ्यांचं एक जाळं असतं, त्याला जाला म्हणतात. नक्षी या जाल्यात आधीच बांधून ठेवलेली असते. विणताना एकाने वर बसून ठरलेल्या दोऱ्या ओढायच्या. त्या दोऱ्यांना जोडलेले ताण्याचे धागे उचलले जातात, बाकीचे खालीच राहतात, आणि खाली बसलेला विणकर मधून धोटा टाकतो. विणकर शेकडो धाग्यांतला एकेक मोजत बसत नाही. कुठल्या ओढीला कुठले धागे उचलायचे हा निर्णय कुणीतरी आधीच गाठीत बांधून ठेवलेला आहे. तो बांधणारा आज कदाचित हयातही नसेल. पण प्रत्येक गाठ आपल्या धाग्याला बांधलेली आहे, दुसऱ्याच्या नाही.

फ्रान्समध्ये लिऑनला जाकारने १८०४ च्या सुमारास या दोऱ्या ओढणाऱ्याच्या जागी भोकं पाडलेले पुठ्ठे आणले. प्रत्येक ओळीला एक पुठ्ठा. भोक असेल तर धागा वर, नसेल तर खाली. तेच पुठ्ठे बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतले आणि तिथून कॉम्प्युटरपर्यंतचा रस्ता सगळ्यांना माहीत आहे. आजच्या जावास्क्रिप्टमधलं फिल्टर हेच करतं: प्रत्येक वस्तूपाशी जाऊन आपण दिलेल्या फंक्शनला विचारतं, ही उचलू का? हो म्हटलं तर उचलतं. आमच्या गल्लीत शेकडो वर्षं चालत आलेलं काम मी सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून शिकत होतो. असो.

त्या रात्री पान दुरुस्त केलं. बटण जोडायचं काम लूपमधून काढून एका वेगळ्या फंक्शनमध्ये टाकलं आणि प्रत्येक फेरीत दाता त्या फंक्शनच्या हाती दिला. फंक्शन दर वेळी नव्याने बोलावलं जातं तेव्हा त्याचा डबाही नवा असतो. प्रत्येक बटणाला आपापला डबा मिळाला, प्रत्येक दोरीला आपापली खुंटी. या वेळी यादीतली सगळी बटणं एकेक करून दाबली आणि पुस्तिकेशी ताडून पाहिली. पहाट झाली.

आणि गंमत अशी की मी त्या रात्री धडपडत जे केलं, नेमकं तेच फॉरइच फुकटात देतं. भाच्याला वाटतं फॉरइच म्हणजे कमी टायपिंग. टायपिंग तर कमी होतंच, पण मोठी गोष्ट ही की प्रत्येक वस्तूसाठी तुमचं फंक्शन नव्याने बोलावलं जातं. मग माझी ती चूक करायची म्हटलं तरी सहजासहजी होत नाही.

ते आलं पुढच्याच वर्षी. २००५ मध्ये सॅम स्टीफन्सनने रूबी ऑन रेल्सबरोबर प्रोटोटाइप नावाची लायब्ररी आणली. रूबीतला 'ईच' त्यात जावास्क्रिप्टमध्ये उतरला होता आणि रूबीने तो वारसा घेतला होता स्मॉलटॉककडून. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला फायरफॉक्स १.५ आला आणि त्यात फॉरइच, मॅप, फिल्टर, सम, एव्हरी ही भावंडं ब्राउझरमध्येच आली. जानेवारी २००६ मध्ये जॉन रेसिगने जेक्वेरी मांडली, तिचा वेगळा ईच. यातही घराण्याघराण्यांचे वाद आहेतच. फॉरइच तुमच्या फंक्शनला आधी वस्तू देतो, मग तिचा क्रमांक. जेक्वेरीचा ईच आधी क्रमांक देतो, मग वस्तू. एकातून दुसऱ्यात जाताना कितीदा ठेच लागली ते विचारू नका.

हे सगळं भाषेच्या अधिकृत नियमांत आलं डिसेंबर २००९ मध्ये, ईसीएमएस्क्रिप्टच्या पाचव्या आवृत्तीत. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये आलं मार्च २०११ मध्ये, नवव्या आवृत्तीत. आणि ती नववी आवृत्ती विंडोज एक्सपीवर चालतच नव्हती! माझ्या गिऱ्हाइकांच्या ऑफिसांत तर एक्सपीच. म्हणजे १९६० मध्ये छापून आलेली कल्पना माझ्या गिऱ्हाइकांच्या टेबलापर्यंत पोचायला पन्नास वर्षांहून जास्त लागली. तोवर आम्ही पंगत हातानेच वाढली.

वाढप्याच्या हाती काम दिलं की काही गोष्टी सोडाव्या लागतात, हेही भाच्याला सांगून ठेवतो. फॉरइच एकदा निघाला की सरळ मार्गाने मध्येच थांबवता येत नाही. पंगतीतून मध्येच उठता येत नाही तसं. हवं ते मिळालं की थांबायचं असेल तर 'सम' वापर. तो एकेकाला विचारत जातो आणि पहिला होकार मिळाला की थांबतो, पुढच्यांना उठवत नाही. पुस्तिकेतल्या ओ निगेटिव्हच्या चौथ्या माणसाची झोप त्या रात्री अशीच वाचली होती.

दुसरं, वाढपी पानाबरोबर क्रमांकही सांगतो हे विसरू नये. 'एक, दोन, तीन' असे तीन अंक मजकूर म्हणून लिहिलेली यादी घे आणि मॅपला नुसतं पार्सइंट दे. एक, दोन, तीन मिळावेत ना? मिळतं एक, आणि पुढे दोनदा 'हा आकडा नाही'. कारण पार्सइंट दुसऱ्या जागी आलेला क्रमांक हा अंकपद्धतीचा पाया समजतो. काम सोपवताना ते घेणाऱ्याला काय काय ऐकू जाणार आहे हे माहीत असावं लागतं. आणि तिसरं, फॉरइचमधलं काम जर नंतर पूर्ण होणारं असेल, म्हणजे सर्व्हरकडून काही मागवायचं वगैरे, तर तो त्यासाठी थांबत नाही. तूप कढवायला ठेवून वाढपी पुढे निघून जातो.

जून २०१५ मधल्या नियमांत 'लेट' आला. जुन्या 'व्हार'ऐवजी 'लेट' लिहिलं की लूपच्या प्रत्येक फेरीला आपोआप नवा डबा मिळतो. एवढ्या लोकांनी इतकी वर्षं केलेली चूक भाषेनेच शेवटी मनावर घेतली म्हणायची.

चाचांकडे त्यानंतर बऱ्याचदा गेलो. ईदला जायचो, एरवीही जायचो. मुलं विणकामात आली नाहीत, माग काही वर्षांनी बंद झाला. २०१७ मध्ये चाचा गेले. रक्तदात्यांच्या गटाचं पान त्याच्या आधीच बंद पडलं होतं.

हे सगळं भाच्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, सीडीवर कुठलं पान आहे? दुरुस्त केलेलं की आधीचं?"

मलाही आठवत नव्हतं. त्याने फाइल त्याच्या लॅपटॉपवरच्या नव्याकोऱ्या ब्राउझरमध्ये उघडली. वीस वर्षांपूर्वीचं पान निमूट उघडलं. जावास्क्रिप्टचा हा एक गुण मानावा लागतो, जुनं लिहिलेलं मोडायचं नाही असं त्या लोकांनी पाळलंय. जुनं चालतं, आणि जुन्या चुकाही तशाच चालतात. त्याने पहिलं बटण दाबलं. मग मधलं एक दाबलं. मग आणखी एक.

सगळ्यांना चाचांचा नंबर.

"व्हार काढून लेट टाकतो," तो म्हणाला. "तीन अक्षरं इंग्रजीतली. झालं."

टाकून पाहिलंसुद्धा. प्रत्येक नावाला आपापला नंबर दिसायला लागला. हसला, माझ्याकडे पाहिलं आणि सेव्ह करायला बोट नेलं.

म्हटलं, राहू दे. ही फाइल आहे तशी राहू दे.